संस्थेत हवामान बदलाची जबाबदारी आल्यावर: मराठवाड्यातील नवख्यांसाठी पहिल्या वर्षाची मार्गदर्शिका

खरेदीदाराकडून किंवा कर्ज देणाऱ्या बँकेकडून एक तक्ता येतो, त्यात वीज, डिझेल, पाणी आणि कार्बन यांचे आकडे मागितलेले असतात, आणि वरिष्ठ तो तक्ता सुरक्षा व पर्यावरण विभागातील कोणाच्या तरी हाती देऊन सांगतात की यापुढे हवामान बदलाचे काम तुम्हीच पाहायचे. वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात ही जबाबदारी माझ्याकडे अशीच आली. काय शिकायचे, कोणाला विचारायचे आणि कोणत्या अभ्यासक्रमावर पैसे खर्च करायचे, हे सांगणारे त्या वेळी कोणी नव्हते. तुमची संस्था कारखाना असो, दूध संघ असो, सहकारी बँक असो किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असो, मला तीन वर्षांत जे उमगले ते तुम्हाला पहिल्याच वर्षी हाती यावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या क्षेत्रातील बहुतेक प्रशिक्षणे कार्बनपासून सुरू होतात. मराठवाड्यातील माणसाने मात्र पाण्यापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. आपल्या संस्थेमुळे वातावरणात किती वायू जातो हे मोजावे लागतेच, परंतु बदलत्या पावसाचा आणि उन्हाचा फटका आपल्याला आधी बसतो. तो वायू मोजून कमी करण्याच्या कामाला उपशमन म्हणतात आणि हा फटका सोसण्याची तयारी करण्याला अनुकूलन. हे दोन शब्द पक्के लक्षात ठेवा, कारण पुढे प्रत्येक अहवालात आणि प्रत्येक अभ्यासक्रमात ते भेटतील.

१. जबाबदारीचे पत्र लेखी घ्या

तोंडी सोपवलेल्या कामाला स्टोअर, लेखा आणि देखभाल विभाग दाद देत नाहीत. त्यांचा त्यात दोष नसतो, कारण त्यांच्यावर त्यांची कामे असतात. म्हणून एका पानाचे पत्र मागा. तुम्हाला कोणत्या विभागाची कोणती कागदपत्रे पाहण्याचा अधिकार आहे, अहवाल कोणाला द्यायचा आहे आणि आठवड्यातील किती तास या कामासाठी राखलेले आहेत, एवढे त्यात स्पष्ट असावे. तासांचा उल्लेख सोडू नका. तो नसेल तर हे काम नेहमीच्या कामाच्या शेपटाला लटकते आणि मार्चअखेरीला एकदम अंगावर येते.

२. कागदपत्रे एका जागी आणा

पहिला महिना यातच जातो आणि तो जाऊ द्यावा. पुढील कागद लागतात:

- मागील किमान १२ महिन्यांची, शक्य असल्यास ३ वर्षांची वीजबिले, सर्व पानांसह
- डिझेल खरेदीची बिले आणि जनरेटरचे लॉगबुक
- एलपीजी, फर्नेस ऑइल, कोळसा किंवा बगॅस यांपैकी जे वापरात असेल त्याची स्टोअरमधील नोंद
- एसी आणि शीतगृहांच्या देखभालीच्या पावत्या, ज्यांत गॅस किती किलो भरला हे लिहिलेले असते
- एमआयडीसी किंवा नगरपालिकेची पाणीबिले, टँकरची चलने आणि बोअरच्या मीटरचे वाचन
- महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र, तसेच दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे पर्यावरण विवरणपत्र
- एप्रिल, मे आणि जून महिन्यांतील हजेरीपट आणि दवाखान्याची नोंदवही

शेवटची नोंद पाहून लेखा विभाग विचारील की हजेरीचा हवामानाशी काय संबंध. त्याचे उत्तर पाचव्या टप्प्यात आहे.

३. पाण्याचा हिशेब आधी शिका

२०१६ चा उन्हाळा मराठवाड्यात कोणी विसरलेले नाही. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, ही बातमी सगळ्यांना आठवते. त्याच उन्हाळ्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात ६० टक्के आणि इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्के कपात झाली, ही बाब मात्र आज नव्याने या कामात येणाऱ्यांना ठाऊक नसते. हा प्रसंग समजून घ्या, कारण व्यवस्थापनापुढे हवामानाची जोखीम मांडताना याहून जवळचा दाखला मिळणार नाही. माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याच्या पाण्याला प्राधान्य असते आणि तसेच असायला हवे; म्हणूनच उद्योगाने कपातीची तयारी आधीच ठेवायची असते.

तुमचे पाणी जायकवाडीहून येत असेल तर धरणाचे आकडे वाचायला शिका. पैठणच्या नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे आणि त्यातील २,१७१ दलघमी हा जिवंत, म्हणजे नेहमीच्या वाटेने सोडता येणारा, साठा आहे. बातमीत येणारी टक्केवारी या जिवंत साठ्याची असते, त्यामुळे ‘शून्य टक्के’ याचा अर्थ धरण कोरडे असा होत नाही. त्याखाली मृत साठा असतो आणि टंचाईत तोही पंपाने उपसला जातो. लक्षात ठेवायची तारीख १५ ऑक्टोबरची आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या सूत्रानुसार त्या दिवशी जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या नाशिक आणि नगर भागातील धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न पुढे येतो. मी दरवर्षी त्या आठवड्यात साठ्याचा आकडा लिहून ठेवते आणि येत्या उन्हाळ्याचे पाण्याचे नियोजन त्याच आठवड्यात मांडते. मांजरा, तेरणा, येलदरी किंवा विष्णुपुरी यांपैकी तुमचा जो स्रोत असेल, त्याच्यासाठीही अशीच नोंदवही ठेवा.

आता गेटवरची गोष्ट. आमच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे ‘टँकर १’, ‘टँकर २’ एवढेच लिहिले जात होते. मी एका आठवड्यात रोज सकाळी गेटवर उभी राहिले. पाच हजार लिटरचे आणि दहा हजार लिटरचे टँकर एकाच रकान्यात मोजले जात होते. एका टँकरच्या झाकणातून बांबू आत सोडून पाहिला, तर ओली खूण काठापासून जवळजवळ हातभर खाली होती. त्या दिवसापासून चलनावर लिटर, वेळ आणि पाण्याचा स्रोत लिहिल्याशिवाय टँकर आत घ्यायचा नाही असे ठरले, आणि पहिल्याच महिन्यात आमचा पाणीवापराचा आकडा बदलला. अशा चुका दुरुस्त करण्यासाठी कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, पण त्या दुरुस्त केल्याशिवाय पुढचे कोणतेही गणित खरे ठरत नाही.

पावसासाठी आवारात साधे पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या. शेजारच्या महसूल मंडळातील महावेध या स्वयंचलित हवामान केंद्राचा आकडा तुमच्या आकड्यापेक्षा वेगळा निघेल. आपल्याकडचा पाऊस तसाच पडतो, एका शिवारात धो धो आणि शेजारच्या शिवारात कोरडे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस म्हणजे महसुली व्यवहारात अतिवृष्टी. असे दिवस वेगळ्या रंगाने दाखवा. दुष्काळाची भीती बाळगणाऱ्या आपल्या भागात अलीकडे सप्टेंबरच्या पावसाने गोदामे भिजवली आहेत आणि रस्ते तोडले आहेत. त्यामुळे टंचाई आणि पूर या दोन्हींचा विचार एकाच आराखड्यात असावा लागतो.

४. कार्बनचा हिशेब: तीन कप्पे आणि चार सापळे

जगभर वापरली जाणारी पद्धत जीएचजी (हरितगृह वायू) प्रोटोकॉल या नावाने ओळखली जाते. तिच्यात उत्सर्जनाचे तीन कप्पे आहेत. स्कोप १ म्हणजे आपल्या आवारात आणि आपल्या मालकीच्या वाहनांत जळणारे इंधन, तसेच गळणारा शीतक वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे कच्चा माल, भाड्याची वाहतूक, कर्मचाऱ्यांचा प्रवास, विकलेल्या मालाचा वापर, थोडक्यात आपल्या व्यवहारामुळे दुसऱ्याच्या दारात होणारे उत्सर्जन. पहिल्या वर्षी स्कोप १ आणि २ नीट करा. स्कोप ३ मधील एखादीच मोठी बाब घ्या.

गणित शाळेतल्या गुणाकाराचे आहे. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. ग्रीडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो धरावा लागतो. हा गुणांक केंद्रीय विद्युत प्राधिकरण वेळोवेळी नव्याने प्रसिद्ध करते, म्हणून तुम्ही कोणती आवृत्ती वापरली हे तक्त्यात लिहा. महिन्याला एक लाख युनिट वीज आणि हजार लिटर डिझेल वापरणाऱ्या कारखान्यात विजेचे सुमारे ७० टन होतात आणि डिझेलचे तीन टनांहूनही कमी. जनरेटरचा धूर डोळ्यांना दिसतो म्हणून सगळ्यांचे बोट त्याच्याकडे जाते. खरा भार बिलात असतो.

पहिला सापळा त्या बिलातच आहे. उच्चदाब ग्राहकाच्या बिलावर केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेले युनिट) आणि केव्हीएएच (ग्रीडकडून घेतलेली एकूण भासमान वीज) असे दोन आकडे असतात. आकारणी केव्हीएएचवर होत असल्याने तोच आकडा ठळकपणे नजरेत भरतो, पण उत्सर्जनाच्या गणितात केडब्ल्यूएच घ्यायचा असतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे या दोन आकड्यांचे गुणोत्तर, ०.९० असेल तर चुकीच्या आकड्याने उत्सर्जन अकरा टक्क्यांनी फुगते. पहिल्या वर्षी मी हीच चूक केली आणि खरेदीदाराच्या तपासनीसाने ती दाखवल्यावर सगळा अहवाल पुन्हा सादर करावा लागला.

दुसरा सापळा डिझेलचा. बिलात खरेदी दिसते, वापर दिसत नाही. वर्षारंभीचा शिल्लक साठा आणि वर्षअखेरचा शिल्लक साठा मोजल्याशिवाय वापर ठरवू नका. तिसरा सापळा छतावरील सौर पॅनेलचा आहे. नेट मीटरिंगच्या बिलात वजाबाकी करून उरलेले युनिट असतात, तेव्हा ग्रीडमधून आत आलेले एकूण युनिट, बाहेर दिलेले युनिट आणि सौर मीटरवरील निर्मिती हे तीन आकडे वेगवेगळे लिहावेत.

चौथा सापळा शीतक वायूचा असून तो बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. आर-४१०ए हा एसीमधील वायू एक किलो गळला, तर उष्णता धरून ठेवण्याच्या हिशेबाने ते सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढे होते. दूध संघ आणि शीतगृहे यांनी हा रकाना सर्वांत आधी उघडावा. एसीच्या कारागिराला पावतीवर ‘गॅस भरला’ एवढेच न लिहिता वायूचे नाव आणि किलो लिहायला सांगा.

शेतीशी जोडलेल्या संस्थांनी मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड यांचीही ओळख करून घ्यावी. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट आणि नायट्रस ऑक्साइड सुमारे २७३ पट उष्णता धरतो. जनावरांचे रवंथ आणि शेतात पडणारा युरिया हे त्यांचे आपल्या परिचयाचे स्रोत आहेत.

५. उष्णतेचे काम हातात घ्या

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी अधिक असेल, तर भारतीय हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. हा निकष केंद्रावरील सावलीतल्या तापमानाचा आहे. पत्र्याच्या छताखाली, प्रेसच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काय सोसावे लागते, हे त्यातून कळत नाही. आम्ही शेडमध्ये मशीनपासून दोन हातांवर साधा तापमापक टांगला आणि मे महिन्यात दुपारी तीनची नोंद घेतली, तेव्हा आतले तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांनी जास्त निघाले. नंतर हजेरीपट आणि दवाखान्याची नोंदवही त्या तक्त्याशेजारी ठेवली. ज्या आठवड्यांत उकाडा चढला, त्याच आठवड्यांत गैरहजेरी, चक्कर आणि किरकोळ इजा वाढलेल्या दिसल्या. त्यानंतर दुपारच्या पाळीतील जड कामे सकाळी हलवण्याचा निर्णय एकाच बैठकीत झाला.

कंत्राटी कामगारांना या नोंदीतून वगळू नका. सर्वांत उन्हात तेच असतात, आणि हजेरीपटावर बहुतेक वेळा त्यांचे नावच नसते. बाहेर काम करणाऱ्यांच्या पर्यवेक्षकांच्या फोनवर वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे ॲपही घालून द्या. मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज पडून माणसे दगावतात.

६. अभ्यासक्रम: कोणते आणि कोणत्या क्रमाने

येथे सर्वाधिक पैसे वाया जातात. नेमणूक होताच मी दोन दिवसांच्या एका खासगी प्रशिक्षणाला गेले. शुल्क मोठे होते आणि प्रमाणपत्र सुबक होते. परंतु सगळी उदाहरणे थंड देशांतील इमारती गरम ठेवण्याची होती आणि पाण्याचा विषय संपूर्ण दोन दिवसांत आला नाही. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मागील तुकडीचा पाठ्यक्रम आणि सरावाचे तक्ते मागून घ्या. ते देण्यास नकार मिळाला तर नाव नोंदवू नका.

माझ्या मते क्रम असा असावा. पहिले तीन महिने मोफत साधने वापरा. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन सीसी लर्न’ या मंचावर हवामान बदलाच्या मूलभूत ओळखीचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत आणि ते पूर्ण केल्यावर प्रमाणपत्रही मिळते. ‘स्वयम’ आणि ‘एनपीटीईएल’ या सरकारी ऑनलाइन शिक्षणमंचांवर ऊर्जा, पर्यावरण आणि हवामानविज्ञान यांची व्याख्याने मोफत ऐकता येतात, शुल्क फक्त परीक्षेचे असते. इंग्रजीची अडचण वाटत असेल तर व्याख्यान थांबवून मराठीत टिपणे काढा. पुढे तुम्हाला हा विषय शेडमधील सहकाऱ्यांना मराठीतच सांगायचा आहे, त्यामुळे ती टिपणे वाया जात नाहीत.

त्यानंतर आपल्या कामाप्रमाणे एकच दिशा निवडा. कारखान्यात असाल आणि अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असेल तर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची प्रमाणित ऊर्जा व्यवस्थापक परीक्षा उत्तम. तीन प्रश्नपत्रिकांची ही परीक्षा असून ऊर्जा लेखापरीक्षक व्हायचे असेल तर चौथी द्यावी लागते. बॉयलर, कॉम्प्रेसर, पंप यांचे खरे ज्ञान तिच्यामुळे येते, आणि ते आलेला माणूस बचत कोठे आहे हे बोट ठेवून दाखवू शकतो. अहवालाची जबाबदारी मोठी असेल तर आयएसओ १४०६४ या हरितगृह वायूंच्या मोजणीच्या मानकाच्या पहिल्या भागाचे प्रशिक्षण घ्या. नोकरी सांभाळून पदविका हवी असेल तर इग्नूची पर्यावरण आणि शाश्वत विकास या विषयातील पदव्युत्तर पदविका पाहावी. महागड्या परदेशी परीक्षा दोन वर्षांनंतरच्या यादीत ठेवा.

ग्रामीण संस्थांमध्ये काम करणाऱ्यांसाठी मराठवाड्यातच चांगली दारे आहेत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. तो नियमित वाचणे हेच एक शिक्षण आहे. छत्रपती संभाजीनगर येथील वाल्मी ही संस्था जल आणि भूमी व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देते. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे संकुल आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतील गावे असल्याने त्याची कामे बहुधा तुमच्या तालुक्यातही पाहायला मिळतील.

पाहण्यासारख्या जागांत जालना जिल्ह्यातील कडवंची हे गाव मी वरचे मानते. तेथे १९९६ ते २००२ या काळात माथा ते पायथा पाणलोटाची कामे झाली, पुढे शेततळी आली आणि त्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. धाराशिव आणि लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांच्या हाती एक एकराची अन्नपिके दिली. त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा २०१६ चा इक्वेटर पुरस्कार मिळाला आहे. अशा ठिकाणी जाताना प्रश्न लिहून न्या, आणि पाणी कमी पडलेल्या वर्षी त्यांनी काय केले, हे आवर्जून विचारा. चांगल्या वर्षाची गोष्ट सगळेच सांगतात.

७. मागणी कोठून येते ते समजून घ्या

भांडवली बाजारातील पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबी या बाजार नियामकाने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा, अहवाल बंधनकारक केला. तुमची संस्था त्यांत नसली तरी तुमचा खरेदीदार असू शकतो, आणि मग त्याचे प्रश्न पुरवठादार म्हणून तुमच्याकडे येतात. युरोपला लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा माल जात असेल तर सीबॅम ही कार्बन सीमाशुल्काची व्यवस्था अभ्यासा. तिचा संक्रमणकाळ १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झाला आणि तिच्या कक्षेत नट-बोल्टसुद्धा येतात. खरेदीदाराने आकडा मागितला आणि तुमच्याकडे तो नसेल, तर ‘उपलब्ध नाही, अमुक महिन्यापासून मोजणी सुरू आहे’ असे लिहा. अंदाजाने भरलेला आकडा पुढील वर्षी तुलनेला येतो आणि मग त्याचा खुलासा करता करता नाकी नऊ येतात.

८. व्यवस्थापनापुढे मांडताना

जागतिक तापमानवाढीच्या आलेखाने सुरुवात करू नका. मी सुरुवातीला तेच केले आणि बैठक दहा मिनिटांत संपली. पुढच्या वेळी तीनच गोष्टी नेल्या: पाणी २५ टक्के कमी मिळाले तर कोणती मशीन किती दिवस बंद राहतील, मे महिन्यातील गैरहजेरीमुळे किती पाळ्यांचे उत्पादन बुडाले, आणि कॉम्प्रेसरच्या हवागळतीत दरमहा किती रुपयांची वीज जाते. या वेळी प्रश्न समोरून आले. मोजणीच्या साधनांसाठी खर्च मागताना पहिल्यांदा छोटी रक्कम मागा: पाण्याचे दोन मीटर, शेडमधील चार तापमापक, एक पर्जन्यमापक. त्यांच्या सहा महिन्यांच्या नोंदींवर पुढची मोठी मागणी उभी राहते.

संचालक मंडळात शेतीशी नाते असलेले कोणी ना कोणी असतेच. त्यांना गावाकडच्या पावसाबद्दल आधी विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या.

९. दुसरा माणूस तयार करा

हे पद असलेली माणसे लवकर दुसरीकडे जातात आणि त्यांच्यासोबत सगळी माहिती जाते. म्हणून पहिल्या वर्षापासूनच स्टोअर किंवा देखभाल विभागातील एक सहकारी सोबत घ्या आणि दरमहा एक मोजणी त्यांच्या हातून करवून घ्या. एक हस्तांतरण वही ठेवा. तिच्यात प्रत्येक आकड्यासमोर तो कोणत्या कागदावरून घेतला, कोणता गुणांक वापरला, कोठे अंदाज करावा लागला आणि त्या विभागात कोणाला विचारायचे, हे लिहा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर बोअरच्या मीटरची जागा, टँकरच्या चलनाचा नमुना आणि वीजबिलातील केडब्ल्यूएचच्या आकड्याभोवती लाल पेनाने केलेले वर्तुळ, अशा तीन गोष्टी चिकटवलेल्या आहेत.